गांठ सांपडल्यानंतरचे साठ दिवस

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत, रविवारच्या मिस्सेनंतर शाळेच्या सभागृहांत एका निवृत्त परिचारिकेनें केलेलें भाषण)



या सप्ताहांत आपण आपल्या धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा इतिहास ऐकला. ख्रिस्तमंदिराच्या पायासाठीं कोणीं श्रमदान केलें, घंटेसाठीं कोणत्या माउलीनें हातांतील पाटली उतरून दिली, शाळेचा पहिला वर्ग कोणाच्या ओटीवर भरला, हें सर्व ऐकतांना मन भरून आलें. अशा मंगल प्रसंगीं स्त्रियांच्या स्तनांच्या आरोग्याविषयीं मीं बोलावें असें महोत्सव समितीनें ठरविलें, याचें पुष्कळांस नवल वाटलें असेल. सभागृहांत येतां येतांच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं मला सांगितलें, "बाय, हा विषय बायकांच्या सभेंत घ्यावयाचा होता." त्यांच्या वयाचा मान राखून मी म्हणतें कीं, हा विषय पुरुषांपुढेंच प्रथम मांडावयास हवा, तो कां, हें पुढें कळेल. शब्दाची लाज वाटत असेल, तर लूकच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय उघडून पाहावा. भर जमावांतून एक स्त्री मोठ्यानें प्रभूला हांक मारते आणि ज्या मातेनें त्याला वाहिलें व पाजलें तिच्या उदराला आणि स्तनांना धन्य म्हणते. त्या बाईला कोणीं गप्प केल्याचें तेथें लिहिलेलें नाहीं.

आपल्याकडे मात्र या अवयवाचें नांव घेणें म्हणजे मर्यादा सोडणें असें समजतात. मीं रुग्णालयांत अनेक वर्षें सेवा केली. बाई दारांत येते, पदर घट्ट धरून बसते, आणि विचारल्यावर म्हणते, "छातींत थोडें दुखतें." मग तिची नाडी पाहिली जाते, खोकल्याचें औषध मिळतें, आणि ती घरीं जाते. खरी गोष्ट पदराखालींच राहते. असे दोन-तीन महिने गेले म्हणजे लिंबाएवढी गांठ नारळाच्या वाटीएवढी होते, आणि मग जें झांकतां येत नाहीं तें बोलावें लागतें.

हा रोग आपल्यापासून दूर आहे असें कोणी समजूं नये. २०२२ या एका वर्षांत भारतांत स्तनाच्या कर्करोगाचे सुमारें १,९२,००० नवे रुग्ण झाले व सुमारें ९८,००० मृत्यु घडले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्या देशांतील स्त्रियांत हाच कर्करोग आतां सर्वांत अधिक आढळतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पाश्चात्य देशांतील स्त्रियांना हा रोग बहुधा ज्या वयांत होतो, त्यापेक्षां सुमारें दहा वर्षें अगोदर तो आपल्या स्त्रियांना गांठतो. म्हणजे घरांत मुलें शिकत असतात, सासूसासरे हातपाय गाळून बसलेले असतात, आणि सगळा संसार जिच्या खांद्यावर, तीच आजारी पडते.

त्याचीं लक्षणें थोडक्यांत सांगतें. स्तनांत किंवा कांखेंत गांठ किंवा घट्टपणा. कातडीला खळी पडणें, किंवा संत्र्याच्या सालीसारखी ती जाड व छिद्राछिद्रांची दिसणें. बोंड आंत ओढलें जाणें. बोंडांतून रक्त किंवा रक्तासारखें पाणी येणें. बोंडावर बरी न होणारी खवल्यांची जखम. एका बाजूचा आकार अलीकडे बदलणें. यांतील एकही गोष्ट दिसली तर दाखवावें. येथें दोन गैरसमज मोडणें अवश्य आहे. पहिला असा कीं, प्रत्येक गांठ म्हणजे कर्करोग. तसें नाहीं, बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात, विशेषतः तरुण मुलींच्या. दुसरा गैरसमज याहून घातक आहे. "दुखत नाहीं, म्हणजे कांहीं नाहीं," असें आपल्या बायका म्हणतात. कर्करोगाची गांठ आरंभीं बहुधा दुखतच नाहीं. जी गांठ दुखत नाहीं तिची दखल आधीं घ्या, असें मी माझ्या लेकीसुनांना नेहमीं सांगतें.

आतां कोणी म्हणेल, मग स्त्रियांना स्वतःची तपासणी शिकवावी म्हणजे झालें. वाटतें तितकें तें सोपें नाहीं. चीन देशांत शांघाय शहरीं सुमारें २,६६,००० गिरणी कामगार स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. त्यांतील अर्ध्या जणींना स्वतःचे स्तन तपासण्याची रीत नीट शिकविली, पुनः पुनः आठवण करून दिली. बाकीच्यांना शिकविली नाहीं. २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हां दोन्ही गटांतील मृत्यूंत फरक आढळला नाहीं. गांठी अधिक सांपडल्या, पण त्या बहुतांशीं निरुपद्रवी होत्या. यावरून आपल्या शरीराची ओळख ठेवूं नये असें कोणी समजूं नये. स्नानाच्या वेळीं बाईला आपला नेहमींचा आकार व स्पर्श ठाऊक असला, तर बदल झाल्याबरोबर तिला तो उमगतो, आणि तें हितकारकच आहे. परंतु शिकवून मोकळें होणें पुरें पडत नाहीं, एवढा बोध शांघायपासून घ्यावा.

याच्या उलट आपल्या मुंबईंत काय झालें तें पाहा. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं मुंबईच्या गरीब वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षें वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. डॉक्टरीण नव्हे, तर दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या बायकांना कांहीं आठवडे शिक्षण देऊन त्यांच्या हातून अर्ध्या वस्त्यांतील स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनीं तपासविले, अशा चार फेऱ्या झाल्या. जिला शंका आली तिला रुग्णालयापर्यंत आणण्याची खटपट केली. वीस वर्षांनंतर, २०२१ सालीं, निकाल छापला गेला. तपासलेल्या वस्त्यांत रोग अलीकडच्या अवस्थेंत सांपडूं लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील या रोगाचे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं कमी झाले. पन्नाशीच्या आंतल्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाहीं, हेंही मीं सांगितलें पाहिजे, नाहीं तर अर्धें सत्य होईल. यंत्र नाहीं, मॅमोग्राफी नाहीं. शिकविलेला हात आणि त्या हाताच्या पुढें असलेली वाट, एवढ्यानेंच हें साधलें. मला या अभ्यासांतील शहाणपण त्या वाटेंत दिसतें.

ती वाट किती लांब असावी? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं स्तनाच्या कर्करोगाविषयीं जो उपक्रम आरंभिला, त्यांत एक माप ठरविलें आहे. रुग्णानें प्रथम दाखविल्यापासून साठ दिवसांच्या आंत निदान झालें पाहिजे. निदान झालेल्यांपैकीं निदान साठ टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या अवस्थेंत असावेत, आणि ऐंशीं टक्के रुग्णांनीं उपचार पुरे करावेत, अशीं आणखी दोन मापें आहेत. परंतु आज मी साठ दिवसांनाच धरून बोलतें, कारण ते दिवस आपल्या घरांत खर्च होतात.

आपल्या वसईंतील एखादी फुलवाली डोळ्यांपुढें आणा. काळोखांत उठून ती मोगरा-तगरीची टोपली बांधते, पहाटेची गाडी पकडते आणि दादरच्या फुलबाजारांत उतरते. तेथून परळचें टाटा रुग्णालय अवघें दोन-तीन किलोमीटर. वर्षांतील तीनशें दिवस ती त्याच्या इतक्या जवळून जाते. तिला गांठ सांपडली तर अंतर तिला अडवीत नाहीं. मग कोण अडवितें? "आधीं मुलाची परीक्षा होऊं दे." "मे महिन्यांत दिराचें लग्न आहे, त्यांत हें काय काढलेंस?" "पावसाळा सरूं दे, वाडींतलीं कामें आहेत." "आधीं गांवठी लेप लावून पाहूं." बंधूंनो, यांतील एकही वाक्य दुष्टपणाचें नाहीं. प्रत्येकामागें संसाराची खरी अडचण आहे. परंतु अशीं चार वाक्यें एकापुढें एक ठेवलीं कीं सहा महिने जातात. आणि बाई स्वतः काय करते? तिच्या हातीं पैसे असतात, कारण फुलें तीच विकते. पण रुग्णालयांत जाण्यासाठीं ते खर्चण्याची मोकळीक तिला नसते, आणि बरोबर येण्यास एक दिवस मोकळा असलेलें माणूसही नसतें. म्हणून मी म्हटलें कीं हा विषय पुरुषांपुढें मांडावयास हवा. आपल्या घरच्या बाईला "चल, उद्यां जाऊं" हे तीन शब्द सांगणारा नवरा, दीर किंवा मुलगा हाच पुष्कळ वेळां पहिला उपचार ठरतो.

नवसाविषयींही बोलतें, कारण आपल्या सभेंत हें बोलणें टाळूं नये. वांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरच्या सणांत मेणाचे हात, पाय, मस्तक वाहण्याची जुनी चाल आहे, आणि छातीचें दुखणें असलेल्या बायका मेणाची छाती वाहतात हें मीं पाहिलें आहे. त्या मेणबत्तीच्या उजेडांत उभ्या असलेल्या बाईच्या श्रद्धेला मी हात लावणार नाहीं. मीही नवस केले आहेत. पण नवस ज्या दिवशीं बोलला, त्याच आठवड्यांत रुग्णालयाचा कागद काढावा. पवित्र माउलीचें मन आपल्या केसपेपरनें दुखावणार नाहीं, अशी माझी खात्री आहे.

रुग्णालयांत गेल्यावर काय होतें, याची भीति फार असते. ती उलगडून सांगतें. डॉक्टर प्रथम हातानें तपासतात. मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी होते. चाळिशीच्या आंतल्या बाईची बहुधा सोनोग्राफीच आधीं करतात, कारण तरुण स्तन घट्ट असतो आणि मॅमोग्राफीच्या चित्रांत गांठ झांकली जाते. शेवटीं जाड सुईनें गांठीचा बारीक तुकडा काढून तपासावयास पाठवितात, त्याला बायोप्सी म्हणतात. या तिन्हींचा मेळ बसल्यावांचून निदान पुरें होत नाहीं. शिबिराच्या गाडींत मॅमोग्राफी "साफ" आली, पण गांठ हाताला लागतेच आहे, तर त्या चित्रावर विसंबून स्वस्थ बसूं नये. आणि "सुई लावली कीं रोग पसरतो" ही समजूत अगदीं खोटी आहे. या एका समजुतीनें किती दिवस वायां घालविले असतील त्याची गणती नाहीं.

दुसरी भीति अशी कीं, स्तन कापूनच टाकतील. एके काळीं तें खरें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील शल्यविशारद हॅल्स्टेड यांनीं छातीच्या स्नायूंसकट सर्व काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि ती पाऊणशें वर्षें चालली. पुढें अमेरिकेंत बर्नार्ड फिशर आणि इटालींत मिलान येथें उंबेर्तो वेरोनेसी यांनीं स्त्रियांचे गट पाडून नीट तुलना केली. २००२ सालीं त्यांच्या वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष निघाले, तेव्हां असें दिसलें कीं, रोग आरंभीच्या अवस्थेंत असेल तर केवळ गांठ काढून नंतर किरणोपचार केलेल्या स्त्रिया, स्तन पूर्ण काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगल्या. म्हणजे लवकर येणारीला जीवाबरोबर स्तनही वांचवितां येतो. तो गमावण्याच्या भीतीनें उशीर करणारी मात्र दोन्ही पणाला लावते. केमोनें केस जातात, ते पुनः येतात. कांहींजणींना रोज एक गोळी पांच वर्षें किंवा अधिक घ्यावी लागते. ती महाग नसते, पण बरें वाटतें म्हणून ती मध्येंच सोडूं नये.

पैशाचें म्हणाल, तर २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सर दोराबजी टाटा ट्रस्टनें सुरूं केलेलें परळचें रुग्णालय आज केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याच्या अधीन आहे, आणि गरिबांसाठीं तेथें सवलती आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांतून मान्यताप्राप्त रुग्णालयांत कर्करोगाचे उपचार होतात. तेथें 'आरोग्यमित्र' बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन जावें. मुंबईच्या लोकलमध्यें अपंगांच्या डब्यांत कर्करोग्यांनाही बसतां येतें, हें पुष्कळांना ठाऊक नसल्यानें केमो घेतलेली बाई गर्दीच्या डब्यांत विरारपर्यंत उभी येते. तिला कागद दाखवून त्या डब्यांत बसवावें. आणि आपण धडधाकट असूं तर त्या डब्यांत चढूं नये.

येथवर मी फुलवाल्या संसारी बाईविषयीं बोललें. परंतु आपल्या गणतींतून कांहीं माणसें नेहमींच सुटतात. समोर बसलेल्या धर्मभगिनींकडे पाहून मी विचारतें, तुमची तपासणी शेवटची केव्हां झाली? इटालींतील वैद्य रामाझ्झिनी यांनीं तीनशें वर्षांपूर्वींच्या आपल्या ग्रंथांत नोंद करून ठेविली आहे कीं, हा रोग मठांतील भगिनींत इतर स्त्रियांपेक्षां अधिक दिसतो. त्याचें कारण पुढें उमगलें. गर्भधारणा व स्तनपान यांनीं या रोगाचा धोका कांहींसा घटतो, आणि व्रतस्थ भगिनींना तें संरक्षण मिळत नाहीं. ज्या भगिनी आपल्या गांवच्या प्रत्येक बाळंतिणीला दवाखान्यांत नेतात, त्यांना स्वतःसाठीं रजा मागण्याचा संकोच होतो. हाच धोका अविवाहित मावश्यांना आणि निपुत्रिक स्त्रियांना असतो. यावरून कोणीं त्यांना बोल लावूं नये. चार लेकरांना पाजलेल्या आईलाही हा रोग होतो.

मग उरतात साठी-सत्तरी ओलांडलेल्या विधवा आज्या, ज्या म्हणतात, "आतां मला कशाला?" मुंबईच्या अभ्यासांत लाभ झाला तो याच पन्नाशीपुढच्या वयाला, हें त्यांच्या नातवांनीं ध्यानांत ठेवावें. अंथरुणाला खिळलेली किंवा मतिमंद लेक असते. तिला आंघोळ घालणाऱ्या हातांनींच तिच्याविषयीं सावध असावें. डोंगराकडच्या पाड्यांवरच्या आमच्या आदिवासी भगिनी आहेत, नव्या चाळींतून भाड्यानें राहणारीं परगांवचीं कुटुंबें आहेत. तीं मिस्सेला येवोत वा न येवोत, शेजारी म्हणून आपलींच आहेत. आणि पुरुषांनो, शंभर रुग्णांत सुमारें एक पुरुष असतो. बोंडाखालीं कठीण गांठ लागली तर हंसण्यावारीं नेऊं नका.

उपचार संपले म्हणजे आजार संपला, असेंही नाहीं. कांखेंतील ग्रंथि काढल्या असतील तर हात सुजूं शकतो. त्यासाठीं व्यायाम असतात, ते शिकून घ्यावेत, आणि त्या हातावर जड हंडा घेण्याची तिला सक्ति करूं नये. एका बाजूचा स्तन गेलेल्या बाईला पोलक्यांत घालण्यासाठीं कापडी भरण लागतें. दुकानांतील सिलिकोनचें महाग पडतें, पण आपल्या शिवणवर्गांतील मुली मऊ सुती भरण एका दुपारीं शिवतील. घरांत नवरा तिच्याशीं कसा बोलतो, यावर तिचें निम्में बरें होणें अवलंबून असतें. आणि "कोणत्या पापाची ही शिक्षा?" हा प्रश्न तिच्यापुढें कोणीं काढूं नये. सिसिली बेटांतील कातानिया नगरीची पवित्र आगाथा, जिचे स्तन छळ करणाऱ्यांनीं तोडले असें परंपरा सांगते, तिचें नांव रोमन विधीच्या जुन्या युखरिस्त प्रार्थनेंत घेतलें जातें, आणि स्तनाच्या रोगानें पीडलेल्या स्त्रिया तिचा धांवा करतात. ख्रिस्तसभेनें अशा जखमी स्त्रीला संतांच्या मालिकेंत बसविलें आहे. आपण आपल्या शेजारणीला पापिणींच्या मालिकेंत बसवूं नये.

आतां समितीनें काय ठरविलें आहे तें सांगून मी रजा घेतें. पवित्र आगाथाचा सण ५ फेब्रुवारीस येतो. त्याच्या पुढच्या रविवारीं सकाळीं शाळेच्या वरच्या मजल्यावरील तीन वर्गांत पडदे लावून तपासणी होईल. तपासणाऱ्या सर्व स्त्रियाच असतील. तीस वर्षांवरील कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही पाड्यावरच्या भगिनीनें यावें. धर्मभगिनींसाठीं पहिला तास राखून ठेविला आहे, म्हणजे त्यांना रांगेंत उभें राहावें लागणार नाहीं. ज्यांना शंकेची चिठ्ठी मिळेल, त्यांचीं नांवें कोणी मोठ्यानें वाचणार नाहीं. प्रत्येकीला एक सोबतीण नेमून दिली जाईल. ती तिच्याबरोबर गाडीनें जाईल, रांगेंत बसेल, कागद सांभाळील, आणि साठ दिवसांचा हिशेब वहींत मांडील. अशा बारा सोबतिणी मिळाल्या आहेत, वीस हव्या आहेत. पुरुषांपैकीं चौघांनीं आपल्या रिक्षा पाड्यांवरून आणण्यासाठीं देऊं केल्या आहेत. ज्यांना नांव द्यावयाचें असेल त्यांनीं बाहेर पडतांना दाराजवळच्या मेजावर द्यावें. तेथें वही उघडी ठेविली आहे.